एकोणसत्तर कमी

दमयंतीबेन राणा सलाबतपुऱ्याच्या त्या गल्लीत कामाला आली तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि तेव्हापासून ती कुणाशी गोड बोलल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. सुरतेत शिवी चहाबरोबर येते, तिचा कुणी राग मानत नाही. दमुबेन शिवी देत नसे. ती नुसतं खरं बोलायची, आणि त्याचा मात्र सगळ्यांना राग यायचा. "हा पदर तुम्ही पास केलात शेठ? डोळे कुठे गहाण ठेवले होते?" असं गादीवर बसलेल्या मालकाला विचारणारी गल्लीत ती एकटीच. तिने काढलेला काठ बाजारात चालायचा, म्हणून मालक ऐकून घ्यायचा.

सुरुवातीला ती ग्राफ पेपरवर बारीक ब्रशने एकेक चौकोन रंगवून साडीचा नक्षा काढायची. त्या नक्ष्यावरून जॅकार्डचे पत्ते टोचले जायचे आणि मग मागावर मोर उमटायचा. पस्तिशीत कॉम्प्युटर आला. बाकीचे नक्षेवाले 'डोळे दुखतात' म्हणून घरी बसले. हिचेही दुखत होते, पण नवरा लवकर गेलेला, मुलगी शाळेत, दुखून सांगते कुणाला? शिकली. मुलगी पुढे नवसारीला दिली. आता दमुबेन अठ्ठावन्नची होती आणि गमनलाल जरीवालाच्या गादीवर तिला छत्तीस वर्षं झाली होती.

साडीवर नक्षेवाल्याचं नाव नसतं. मालकाचं असतं, दुकानाचं असतं, एखाद्या नटीचंही असतं. नक्षेवाल्याचं नाव फक्त गल्लीत बोललं जातं, आणि तेही एकाच गोष्टीसाठी: हाताचा चोख आहे की नाही. डिझाइन बाहेर फुटलं की अकराव्या दिवशी समोरच्या दुकानात टांगलेलं दिसतं आणि पहिलं बोट नक्षेवाल्याकडे जातं. छत्तीस वर्षांत दमुबेनकडे ते गेलं नव्हतं. तिच्यापाशी शिल्लक म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट होती.

गमनलाल माणूस वाईट नाही, असं लोक म्हणतात. लोक कुणाबद्दलही असं म्हणतात. त्याला दोन गोष्टींची धास्ती होती, शकुनाची आणि जावयाची. दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमेला गादी उघडते, त्या दिवशी सगळ्यांदेखत पहिला ताका, म्हणजे कापडाचा तागा, मोठ्याने मोजायचा ही त्याच्या बापापासूनची रीत. शंभर मीटरचा ताका त्या दिवशी एकशे सव्वा भरायचा, कारण आदल्या दिवशीच तो तसा करून ठेवलेला असायचा. आकडा ऐकला की सगळे 'सवाया!' म्हणून ओरडायचे आणि पेंडा तोंडात टाकायचे. वर्षाचा पहिला आकडा वाढीव पाहिजे. 'कमी' हा शब्द त्या दिवशी गादीवर काढायचा नाही. डब्यातली साखर संपली तरी 'वाढली' म्हणायचं.

जावई म्हणजे पिंकेशकुमार. एकुलत्या एका मुलीचा नवरा, अडाजणला मोबाइलचं दुकान, आणि जगातली जी वस्तू विजेवर चालते ती आपल्याला कळते असा समज. या वर्षी त्यानेच सासऱ्याच्या डोक्यात भरवलं. "पप्पा, ताका मोजायचे दिवस गेले. आपला माल आता कॉम्प्युटरमध्ये आहे. मुहूर्त त्याचा करा." धनतेरसला त्याने स्वतः नवा कॉम्प्युटर आणला. हार्ड डिस्क हजार जीबीची. खोक्यावर ठळक छापलेलं होतं. गमनलालने तो पुठ्ठ्याचा तुकडा कापून घेतला, त्यावर कुंकवाने 'श्री सवा' लिहिलं आणि लक्ष्मीच्या तसबिरीखाली चिकटवून टाकला.

धनतेरसपासून दिवाळीच्या दुपारपर्यंत दमुबेनने एकटीने बसून छत्तीस वर्षांचं काम त्या कॉम्प्युटरमध्ये भरलं. जुने ग्राफसुद्धा स्कॅन करून घातले. मग कुलूप लावलं, किल्ली गमनलालच्या घरी दिली आणि ती घरी गेली.

लाभपाचमेला गादीवर अकरा माणसं होती. पाच दलाल, बाकीचे आजूबाजूचे गादीवाले. सगळ्यांच्या हातात पेंडा. पिंकेशकुमारने पडद्यावर डिस्कच्या एकूण जागेची खिडकी उघडली आणि म्हणाला, "दमुबेन, तुम्ही सगळ्यांत जुन्या. आकडा तुम्ही वाचा. मोठ्याने हं!"

दमुबेनने चष्मा लावला. "नऊशे एकतीस."

कुणी 'सवाया' म्हटलं नाही.

"परत वाचा," गमनलाल म्हणाला.

"नऊशे एकतीस. परत वाचल्याने वाढणार आहे का?"

मागून एक दलाल पुटपुटला, "म्हणजे एकोणसत्तर कमी!" आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण गेला तो गेला. गमनलालचा चेहरा उतरला. त्याने आधी तसबिरीखालचा पुठ्ठा पाहिला, मग पडदा पाहिला, मग जावयाकडे पाहिलं. त्याच्या पाठोपाठ अकराही माणसांनी जावयाकडे पाहिलं. डिस्क आणली कुणी? जमाईराजांनी. म्हणजे दुकानदाराने त्यांना गंडवलं. विजेवर चालणारं सगळं कळणाऱ्याला भर लाभपाचमेला सासऱ्याच्या गादीवर कुणीतरी उल्लू बनवलं होतं.

पिंकेशकुमारचे कान लाल झाले. "दुकानातून निघाली तेव्हा हजार होती," तो म्हणाला. "मी स्वतः लावून बघितली. पूर्ण हजार."

हे धादांत खोटं होतं. त्याने खोकंसुद्धा उघडलं नव्हतं.

"मग तीन दिवस ती होती कुणाकडे?" त्याने विचारलं, आणि आता माना दमुबेनकडे वळल्या.

"माझ्याकडे," दमुबेन म्हणाली. "आणि पहिल्या दिवशीच मला नऊशे एकतीस दिसले होते."

"दिसले आणि बोलल्या नाहीत?" गमनलालचा आवाज चढला.

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? हजारची प्रत्येक डिस्क इतकीच दिसते. तुम्हाला वार आणि मीटर कळतो ना शेठ? हजार वाराचा ताका घ्या आणि मीटरच्या पट्टीने मोजा. नऊशे चौदा भरेल. कापड कुणी फाडलं? कुणीच नाही, पट्टी मोठी आहे. इथे तसंच आहे. डिस्क बनवणारा हजाराचा ढीग धरतो आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसचा. तेही एकदा नाही. ढीग, मग ढिगांचा ढीग, मग त्यांचाही ढीग. तीनदा चोवीस जास्त घालून ढीग मोठा केला, तर ढीग थोडेच भरणार ना!"

दोघा-तिघांनी माना हलवल्या. गादीवाल्यांना वार आणि मीटर आईच्या दुधापासून ठाऊक. गोष्ट तिथेच मिटली असती.

"चोवीस त्रिक बहात्तर," पिंकेशकुमार म्हणाला.

"काय?"

"बहात्तर होतात बेन. इथे एकोणसत्तर गेलेत. बनाव करायचा तर हिशेब तरी जुळवून आणायचा!"

सगळे हसले. हसायची सवड सगळ्यांना हवीच होती. तिथली बेरीज अशी सरळ होत नाही, ती प्रत्येक पायरीला फिरते, हे दमुबेन सांगू लागली. पण ज्या माणसावर एकदा हसून झालं त्याचं पुढचं कोण ऐकतं? पिंकेशकुमारला आता जोर आला. "पप्पा, यात फाइल लपवायची सोय असते. एक टिक मारली की दिसतच नाही. एकोणसत्तर जीबी म्हणजे किती डिझाइनं झाली माहिती आहे?"

"लपवलं तर भरलेली जागा जास्त दिसेल," दमुबेन म्हणाली. "एकूण आकडा कसा उतरेल? मोबाइलला काच चिकटवण्याइतकं हे सोपं नसतं, जमाईराज."

हे बोलायला नको होतं. खरं होतं, पण नको होतं. गादीवर जावयाचा पाणउतारा झाला म्हणजे संध्याकाळी मुलगी बॅग घेऊन दारात, हे गमनलालला दिसत होतं. दोघांपैकी एक खोटं पडायलाच हवं होतं. एक जावई आणि एक पगारी बाई. असल्या निवाड्याला कुणी फार वेळ लावत नाही. गमनलालनेही लावला नाही.

"दमुबेन," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "त्यातलं जे काही घरी नेलं असेल ते आणून द्या. मी कुणाजवळ बोलणार नाही."

अकरा माणसांदेखत तो हे बोलला, आणि वर म्हणे कुणाजवळ बोलणार नाही!

दमुबेन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सरळ चोर म्हणा ना शेठ. सणाचा दिवस आहे, चांगला शब्द बोला."

"मी म्हटलं नाही. तुम्हीच म्हणताय."

"छत्तीस वर्षं!"

"म्हणूनच पोलिसात जात नाही," गमनलाल म्हणाला. "निकाल लागेपर्यंत घरी बसा."

ती घरी बसली नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला येऊन ती गादीच्या जिन्यात बसली, तिसऱ्या पायरीवर. येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्या कडेने अंग चोरून चढावं लागे. रखवालदाराने उठवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, "जिना गल्लीचा आहे. जागेचे कागद वाचून ये." तो बिचारा कुठे काय वाचून येणार! एक दलाल वर जाताना म्हणाला, "काय बेन, जागा मिळाली का?" आणि आपल्याच विनोदावर खूश झाला. दमुबेन म्हणाली, "मिळाली. तुमच्या अकलेइतकीच आहे, अडचण होतेय." तो हसतच गेला. पण संध्याकाळपर्यंत रिंग रोडच्या सगळ्या कापडबाजारांत एकच गोष्ट फिरत होती: जरीवालाच्या दमुबेनने एकोणसत्तर जीबी मारले.

चौथ्या दिवशी खात्यावरून, म्हणजे मागांच्या कारखान्यावरून, फोनावर फोन यायला लागले. लग्नसराईचा माल मागावर चढला होता. काठातल्या वेलीचा जोड चुकत होता आणि तो नक्षा दमुबेनशिवाय कुणाला दुरुस्त करता येत नव्हता. गमनलालने वरून निरोप पाठवला, "एवढं काम करून जा."

"आधी डिस्क," दमुबेनने जिन्यातूनच उत्तर दिलं. "पिंकेशकुमारांना म्हणावं, तुम्हाला हव्या त्या दुकानातून सीलबंद हजारची डिस्क आणा. मी हात लावणार नाही, खोलीतही येणार नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहीन. आणि लाभपाचमेची अकराही माणसं बोलवा."

सात आली. बाकीच्या चौघांना म्हणे काम होतं. पिंकेशकुमार पार वराछाला जाऊन डिस्क घेऊन आला. सील सगळ्यांना फिरवून दाखवलं, आपल्या हाताने फाडलं आणि डिस्क जोडली.

नऊशे एकतीस.

पिंकेशकुमार उठला आणि गाडी काढून पुन्हा गेला. तासाभराने दुसऱ्या कंपनीची सीलबंद डिस्क घेऊन आला, जोडली. नऊशे एकतीस. तेवढा तास दमुबेन उंबऱ्याबाहेर उभीच होती. एवढ्या वेळात तिला कुणी स्टूल दिलं नाही.

आणि मग गमनलाल मोठ्याने हसला. छातीवरचं ओझं उतरलं की माणूस हसतो तसा. त्याने उठून जावयाला मिठी मारली. "म्हणजे माझ्या जमाईराजांना कुणी फसवलं नाही! ऐकलंत का सगळ्यांनी? असतेच ती इतकी! कंपनीचीच रीत आहे!" दलालांनी जावयाची पाठ थोपटली. "आमच्या मनात शंकाच नव्हती," एकजण म्हणाला. वाफेवरचा मऊ लोचो मागवला, वर भरपूर शेव आणि लोणी. गादीवर चार दिवसांनी सण आला.

दमुबेन उंबऱ्यावरून आत आली. "पिंकेशकुमार, तुम्ही स्वतः लावून हजार पाहिले होते ना?"

पिंकेशकुमारच्या तोंडात लोचो होता. तो चावत राहिला. लोचो चावावा लागत नाही.

"जाऊ द्या हो बेन," गमनलाल म्हणाला. "झालं गेलं तापीला मिळालं. बसा, खा, आणि तेवढी वेल बघा."

"एक वाक्य बोला शेठ. दमुबेन चोर नाही. या सात जणांसमोर."

"अरे पण चोर म्हटलं कोणी तुम्हाला?"

"तुम्ही म्हटलंत. घरी नेलेलं आणून द्या म्हणालात."

"घरचं माणूस समजून बोललो. परक्याला बोलतो का आपण? घ्या, थंड होतोय."

असल्या माणसाचं काय करायचं? शिवी देणाऱ्याला शिवी देता येते. हा तर ताटली पुढे करत होता. त्या दुपारी त्याच्या तोंडून काय काय गेलं! शेव कमी पडली म्हणाला, हॉर्न वाजवणाऱ्याला दम दिला, जावयाचं कौतुक तर संपेना. ते एक वाक्य मात्र गेलं नाही. ते बोललं की जावई खोटं बोलला हेही बोलल्यासारखं होतं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती. दमुबेनने सातही जणांकडे एकेक करून पाहिलं. सातही जण ताटलीत पाहत होते.

तिने आपल्या टेबलाच्या खणातला चष्म्याचा डबा घेतला आणि ती जिना उतरली. वेलीचा जोड तसाच चुकीचा राहिला. पुढे त्या साड्या तशाच विकल्या गेल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता तिला वाटलं होतं, गल्लीत आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. झालं उलटंच. तिसऱ्याच दिवशी पांडेसऱ्याच्या एका मोठ्या खातेवाल्याचा फोन आला. "बेन, आमच्याकडे या. खुर्ची तुमची, वेळ तुमची." ती भेटायला गेली. त्याने थंड कोको पाजला, एसी दाखवला, आणि निघताना दारापर्यंत येऊन हळूच म्हणाला, "ते एकोणसत्तर सोबत आणाल ना?" ती त्याच्या तोंडावर दार ओढून निघून आली. पुढच्या आठवड्यात दुसरा एकजण घारीच्या मिठाईचं खोकं घेऊन घरी हजर. तो इतका सभ्य, की त्याने ते शब्द तोंडातून काढलेच नाहीत. "तुमच्याजवळ जो खजिना आहे त्याला आमच्याकडे जागा आहे," एवढंच म्हणाला. खोकं त्याच्यामागोमाग जिन्यात गेलं. मग तिसरा आला. सगळे मानाने बोलत होते. छत्तीस वर्षांत तिच्या कामाचं नाव घेऊन कुणी घरी आलं नव्हतं. जे तिने केलंच नव्हतं, त्याच्यासाठी मात्र दारात चपला मावत नव्हत्या. चोर म्हणून हाकललं असतं तर ती भांडली असती. चोर म्हणून मानपान करणाऱ्यांशी भांडायचं कसं, हे तिला कळेना. ती रात्रंदिवस जळत राहिली.

शेवटी ती आपणहून बेगमपुऱ्याला ठाकोरदासांकडे गेली. ठाकोरदास ऐंशीचे. किनखापाचे नक्षे काढणारे, तिचे गुरू. ब्रशला टोक कसं काढायचं हे त्यांनी तिला शिकवलं होतं, आणि पहिल्या वर्षी तिचे चुकलेले ग्राफ न बोलता फाडून टाकले होते. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं आणि दलालांशी बोलणं त्यांनी वीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं. गल्लीने काय म्हणायचं ते म्हणावं, या एका माणसाने आपल्याला चोख म्हटलं की पुरे, असं ठरवून ती गेली होती.

म्हाताऱ्याने तिला समोर बसवलं. फुदिन्याचा चहा मागवला. "सगळं सांग," म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. लाभपाचम, नऊशे एकतीस, वार आणि मीटर, हजाराचा ढीग आणि एक हजार चोवीसचा ढीग. चोवीस त्रिक बहात्तर का होत नाहीत तेही कागद घेऊन पायरीपायरीने मांडून दाखवलं. दोन सीलबंद डिस्का, जिना, लोचो. कुठेही आवाज चढवला नाही. असं शांतपणे ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. ठाकोरदासांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, आकड्यांवरून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबून परत मागे गेले. शिष्येचा ग्राफ तपासावा तसा त्यांनी तो कागद तपासला. मग घडी घालून तिच्या हातात दिला.

"बरोब्बर," ते कौतुकाने म्हणाले. "कुठे फट ठेवली नाहीस. कुणी विचारलं की हेच सांगायचं, शब्द बदलायचा नाही. अगं, मलासुद्धा क्षणभर खरंच वाटलं."